नर्स-डॉक्टरांना मारहाण झाली तर कायद्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण पोलिसांनी तो लावला तर. महाराष्ट्रात 2010 पासून वेगळा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. नर्सचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

मी 22 वर्षं स्टाफ नर्स आहे. 2016 मध्ये एका रात्री कॅज्युअल्टीत अपघातातला मुलगा आणला, तो आधीच गेलेला होता. डॉक्टरांनी सरळ रेघेचा ईसीजी काढला आणि आईला सांगितलं. ती माउली त्याची एक चप्पल मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. अर्ध्या तासाने मोटारसायकलींवर सहा-सात जण आले. ईसीजी मशीन फरशीवर आपटलं, सलाइनचा स्टँड माझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं.

चौकीत हवालदार म्हणाले, "सिस्टर, एनसी घेतो." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, तिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. मी डाव्या हाताने सही केली. कायद्याचं नावही मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. सकाळी मेट्रन मॅडम, म्हणजे आम्हा नर्सेसच्या प्रमुख, म्हणाल्या, "दुःखात असतात गं माणसं, मिटवून टाक." प्लास्टरची रजा माझ्याच खात्यातून गेली.

मॅडम, दुःखात होती ती आई. तिने कुणावर हात उचलला नाही. मारणाऱ्यांपैकी एकालाही त्या मुलाचं पूर्ण नाव सांगता आलं नाही, केसपेपरसाठी मीच विचारलं होतं. दुःखाच्या नावाखाली हे खपवायचं कशाला?

पुढच्याच वर्षी धुळ्यात एका निवासी डॉक्टरचा डोळा फोडला, तेव्हा राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावर गेले नाहीत. 2020 मध्ये केंद्राने साथरोग कायदा बदलून गंभीर इजेला 7 वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, पण ती साथीपुरती. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय रुग्णालयांना आदेश निघाला की 6 तासांत संस्थाप्रमुखानेच एफआयआर करायची. मला हवं होतं ते हेच.

तुमच्यावर वेळ आली तर एनसीवर सही करू नका. 2010 चा कायदा तोंडाने सांगा, फुटलेल्या मशीनचा पंचनामा मागा. आमचंही चुकतं, नातेवाइकांना तासन्‌तास दाराबाहेर काही न सांगता उभं करतो. त्या रात्री मात्र सगळं सांगितलं होतं. तक्रार मेट्रन मॅडमनी संस्थेच्या लेटरहेडवर द्यायला हवी होती, मी प्लास्टरचा हात घेऊन चौकीत बसायला नको होतं.