पाय आपोआप उडतो, म्हणजे ताकद येतेय का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही निफाडजवळ राहतो. माझा भाऊ ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला शेडच्या पत्र्यावरून पडला, नाशिकला ऑपरेशन झालं, रॉड टाकले, एमआरआयमध्ये डी-९ ला (पाठीच्या नवव्या मणक्यापाशी) मज्जारज्जूला मार आहे आणि इंज्युरी कम्प्लीट आहे, म्हणजे त्याखालची ताकद आणि संवेदना पूर्ण गेली, असं सांगितलं. आधी पाय एकदम लुळे होते पण आता चादर ओढली तरी गुडघा झटक्यात वर येतो, पाय थरथरतो. आई म्हणते पायात जीव आला, वहिनीने तर नवस पण बोललाय. फिजिओवाले काही नीट सांगत नाहीत. खरं काय ते सांगा.

उत्तर : ताई, खरं विचारलंत म्हणून खरंच सांगते. नुसते झटके म्हणजे ताकद येणं नाही.

पाय हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो, मेंदूच्या देठाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून उजवा मेंदू डावा पाय चालवतो, आणि मग ते मज्जारज्जूतून खाली कमरेच्या भागातल्या पेशींपर्यंत येतात. तिथून दुसरी नस निघते ती थेट स्नायूला. भावाचा मार या दोन्हींच्या मध्ये बसलाय. वरचा हुकूम अडला, पण खालच्या पेशी, नसा, स्नायू सगळे जिवंत आहेत. हातांच्या नसा मानेतून निघतात म्हणून हात ठीक आहेत.

आता तव्याला बोट लागलं की आपण विचार करायच्या आधीच हात मागे येतो ना, ते काम मज्जारज्जू स्वतःच करतो, मेंदूला न विचारता. एरवी मेंदू त्याला आवरून धरतो. इथे आवरणारं कोणी राहिलं नाही म्हणून चादरीच्या स्पर्शाने पण पाय उसळतो. सुरुवातीला लुळे होते कारण मार बसल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे खालचा भाग सुन्न पडतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. तो ओसरला की हा कडकपणा येतो. (मार कमरेच्या खालच्या मणक्यात असता तर स्नायूला जाणाऱ्या नसाच दबल्या असत्या आणि पाय लुळेच राहिले असते.)

मग बघायचं काय? पायाला हात न लावता सांगा, "अंगठा हलव." सांगितल्यावर हलला, परत सांगितल्यावर परत हलला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. शिवाय गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का हे डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या, कम्प्लीट की इनकम्प्लीट ते त्यावरच ठरतं, एमआरआयवर नाही. आईंना हे सगळं एका दमात सांगू नका, पण नवसाच्या भरवशावर फिजिओ मात्र थांबवू नका, सांधे आखडले की पुढे व्हीलचेअरवर बसवणं पण अवघड होतं.

झटके अचानक वाढले तर लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, अगदी आत वाढलेलं नख सुद्धा बघा. त्याला दुखत नाही म्हणून कळत नाही, पण मज्जारज्जूला कळतं. बॅक्लोफेन (झटके कमी करायचं औषध) चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे. दर दोन तासांनी कूस बदला, रात्री सुद्धा.

आणि निफाडची थंडी मला माहितीये, पण पायाशी शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका, कातडी भाजेल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. जाड मोजे घाला, ते पण रोज काढून टाचा बघा.