पुण्याच्या थंडीला मोठा स्टोव्ह नको

अहो ताई, दोन खोल्यांचं घर गरम ठेवायला आठ किलोवॅटचा, लाकूड जाळायचा स्टोव्ह अजिबात घेऊ नका, मनापासून सांगतेय. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ वर येतो, कधी त्याच्याही खाली, पण दुपारी परत ऊन असतंच, त्यामुळे ३-४ किलोवॅट पुष्कळ झालं. मी मुळशीच्या घरी मोठा घेतला होता, अर्ध्या तासात खोलीची भट्टी व्हायची, मग स्टोव्हच्या आत जाणारी हवा कमी करून धुमसत ठेवायचे, आणि दुसऱ्या महिन्यातच काच काळीकुट्ट, पाइपमध्ये चिकट डांबरासारखा थर, आणि तो थर पेटला की थेट पाइपातच आग लागते बरं का! त्यापेक्षा लहान घ्या आणि हवा मोकळी ठेवून चांगल्या ज्वाळेवर चालवा. लाकूड बाभळीचं, फोडून वर्षभर वाळवलेलं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत, थपथप आवाज आला तर ओलं आहे. पाइप शक्यतो सरळ वर, छपराच्या बराच वर काढा. आणि खिडकीला फट ठेवाच, जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्याचा अलार्म स्टोव्हच्या आधी घ्या.