पक्षाघातानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव कळेनासे होतात तेव्हा

ताई, पक्षाघातानंतर तुमचे बाबा तुमच्याशी कोरडे वागतात असं तुम्ही म्हणता, पण ते कोरडे झालेत असं लगेच ठरवू नका. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झाला की समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव, आवाजातला चढउतार ओळखणं अनेकांना जड जातं. माया आटलेली नसते. तुमचा रडवेला चेहरा त्यांना उमगतच नसेल.

सध्या एवढंच करा:
- भावना सरळ शब्दांत सांगा: "मी दमलेय, मला वाईट वाटतंय." टोमणे, तिरकस थट्टा नको.
- भेटायला एका वेळी एक-दोघंच. टीव्ही बंद.

काळजी घेणारे नवखे हमखास परीक्षा घेत बसतात, "ओळखा बघू, मी चिडलेय का?" त्यानं माणूस स्वतःत मिटून जातो. बाबांना कारण नसताना रडू किंवा हसू फुटत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. भाव ओळखायच्या व्यायामांचं स्पीच थेरपिस्ट (बोलणं-संवाद यावर उपचार करणारे) बघतील, त्याची घाई नको.