ओलेइक अ‍ॅसिडच्या (तेलासारख्या एका आम्लाच्या) एका थेंबावरून रेणूचा आकार कसा कळतो? पाण्यावर पसरलेला त्याचा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो हे कशावरून?

हिशेब सोपा आहे, खरी मेख तुमच्या दुसऱ्या वाक्यात आहे. बरीच वर्षं अकरावीला फिजिक्स शिकवतोय, पण ही शंका वर्गातून क्वचितच येते. मुलं सूत्रात आकडे घालतात आणि मोकळी होतात.

आधी प्रयोग. 1 मिली ओलेइक अ‍ॅसिडमध्ये अल्कोहोल घालून 20 मिली करायचं, त्यातलं 1 मिली घेऊन पुन्हा 20 मिली. झालं 400 पट पातळ. मोठ्या परातीत पाणी, त्यावर टाल्कम पावडरची हलकी भुरभुर, आणि मधोमध ड्रॉपरने एक थेंब. पावडर झपकन कडेला पळते आणि मध्ये स्वच्छ वर्तुळ उरतं. ते आधी जरा जास्तच फुगतं. अल्कोहोल पाण्यात मिसळलं, उडालं की थोडं आक्रसतं. मोजायचं ते तेव्हा.

आमचा व्यास आला 20 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस सेंमी. 1 मिलीत 50 थेंब बसले, तेव्हा एका थेंबात द्रावण 0.02 मिली आणि त्यात ओलेइक अ‍ॅसिड फक्त 0.00005 मिली. या घनफळाला क्षेत्रफळाने भागलं की थराची जाडी 1.6 नॅनोमीटर. रेणूची लांबी साधारण 2 नॅनोमीटर असते. परात आणि फूटपट्टी घेऊन एवढं जमलं तर मी खूश असतो.

थेंब मात्र त्याच द्रावणाचे मोजा. एका वर्षी एका गटाने ते पाण्याने मोजले. पाण्याचा थेंब मोठा, 1 मिलीत 20च भरले, आणि उत्तर अडीचपट फुगलं. परातीला साबणाचा अंश राहिला असेल तर वर्तुळ पसरतच नाही. तो तास मी स्वतः वाया घालवला आहे.

आता एकाच रेणूचं. दोन थेंब टाकून बघा. व्यास 28 सेंमीच्या आसपास येतो, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट, जाडी तीच. तेल कितीही घाला, थर एका ठरावीक जाडीपर्यंतच पातळ होतो. ओलेइक अ‍ॅसिडच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, लांब शेपटी पाण्याबाहेर असते. सगळ्या रेणूंना पाणी मिळालं की आणखी पसरायचं कारण उरत नाही. म्हणून मिळते ती उभ्या रेणूची लांबी. रुंदी त्याहून बरीच कमी असते, तेव्हा नुसतं ‘आकार’ म्हणणं जरा ढिलं आहे.

लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर बेंजामिन फ्रँकलिनने चमचाभर तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालं, हे 1774 साली छापून आलं. त्याने भागाकार केला नाही. चमचा 5 मिलीचा धरून तुम्ही करा: अडीच नॅनोमीटर येतात.