जुनी लादी, नवी लादी आणि मधली ओल

प्रश्न (डिचोली): आमचं घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं. स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या वेळच्या नक्षीच्या सिमेंट लाद्या आहेत. चवथीपूर्वी त्यांच्यावरच नवी व्हिट्रिफाइड लादी बसवायची आहे. गवंडी म्हणतो, दोन दिवसांचं काम आहे. पण सांध्यांतून पांढरी पूड येते, झाडली तरी पुन्हा येते.

उत्तर: ती पूड म्हणजे लोणा. जमिनीतली ओल वर चढताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. चिरा पाणी शोषतो आणि जुन्या जोत्यांत ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. तुमच्या सिमेंटच्या लाद्या आणि सांधे आजवर ती ओल बाहेर सोडत आले. वर चकचकीत लादी बसली की ती वाट बंद होईल. मग ओल भिंतीकडे वळेल, खालचा गिलावा फुगेल आणि लादीखाली क्षार साठून लादीच सुटेल. म्हणून चवथीची घाई नकोच, भर पावसात तर मुळीच नको. यंदाची चवथ जुन्या लादीवरच होऊ द्या.

पावसात एक काम मात्र जरूर करा. घराभोवती फिरून पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं का, मागच्या मोरीचं पाणी कुठे मुरतं, ते पाहा. कितीतरी घरांत ओलीचं मूळ तिथेच सापडतं. मग जानेवारीनंतर कोपऱ्यातली एक लादी काढा, खालचा थर साफ करा आणि त्यावर दीड बाय दीड फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. किमान १६ तास ठेवावं लागतं. मी दोन दिवस ठेवायला सांगतो. आत थेंब जमले किंवा थर काळपटला, तर ओल अजून आहे. उन्हाळ्यातही ती राहिली तर फरशी उकरून दगडाची सोलिंग (ठोकून रचलेला दगडांचा थर), त्यावर जाड प्लॅस्टिक आणि वर चार इंच काँक्रीट, हाच खरा उपाय. काँक्रीट नीट सुकल्यावरच लादी लावा. खर्च आहे, पण एकदाच. आणि नक्षीच्या लाद्या छिन्नीने जपून सोडवा. धड निघाल्या तर त्याच पुन्हा बसवा, अशी माझी मनापासून विनंती.

प्रश्न (वास्को): तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, स्वयंपाकघरात वीस वर्षांच्या सिरॅमिक लाद्या. न फोडता वर दुसरी लादी बसेल का?

उत्तर: बसेल. तुमच्याकडे जमिनीतली ओल नाही, खरा अडसर तेलकटपणाचा आहे. आधी प्रत्येक लादी लाकडी हातोडीने वाजवा. जी बद्द वाजेल तिच्यावर खडूने खूण करा, ती काढा आणि खड्डा पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा. निम्म्याच्या आसपास लाद्या बद्द वाजल्या तर सगळंच काढलेलं बरं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोनदा घासा, शेगडीसमोर जास्त, आणि साध्या पाण्याने खळखळून धुवा. त्यानंतर ग्राइंडरने वरची चकाकी खरवडायची. तोंडाला चांगला मास्क हवाच, ती धूळ फुफ्फुसांना घातक असते. सिमेंटची रबडी काचेसारख्या पृष्ठभागाला धरत नाही. म्हणून दुकानात आयएस १५४७७ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप ३ ची लादीची चिकटवणी मागा.

जमीन साधारण १४ मिमी वर येईल. दार, बाल्कनीचा उंबरठा, ओट्याखालची सिलिंडरची जागा आणि मोरीची जाळी आधी मोजून ठेवा. वजनही चौरस मीटरमागे ३० किलोच्या आसपास वाढतं. आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवू नका.

प्रश्न (म्हापसा): मोझॅकवर व्हिनाइल (प्लॅस्टिकचं पातळ आच्छादन) टाकलं तर खालचे सांधे दिसतील का?

उत्तर: दिसतील, भरले नाहीत तर. दोन मीटरची सरळ पट्टी फिरवा. खाली ३ मिमीहून जास्त फट दिसली तर लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे जमीन सपाट करणारं पातळ मिश्रण, ओता. तळमजला असेल तर डिचोलीच्या उत्तरातली प्लॅस्टिकची चाचणी तुम्हालाही लागू.

प्रश्न (पेडणे): फरशी ॲसिडने धुऊन मग काम सुरू करू का?

उत्तर: नको. ॲसिड सिमेंट आणि मोझॅकमधली संगमरवराची खडी खातं. शिवाय कोणी त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. आधीच ओतलं असेल तर खिडक्या उघडून भरपूर पाण्याने धुवा आणि फरशी पूर्ण सुकेपर्यंत थांबा.