ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे, मसुदा तर नव्हेच

प्रश्न कॅलिफोर्नियात सांता क्लाराजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही पाच-सहा मराठी घरं फोर्टीनाइनर्स संघाची चाहती. एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट आला की वाद पेटतो, आधी लाइनमन घ्यायचा की डिफेन्स भरायचा (लाइनमन म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला राखणारा, डिफेन्स म्हणजे बचावफळी). नागपूरहून आलेले बाबा ऐकत होते. त्यांनी विचारलं, 'म्हणजे आयपीएलसारखा लिलावच ना?' नाही म्हणालो, पण मग काय ते सांगता येईना. फोनमधल्या भाषांतराने 'मसुदा' असं उत्तर दिलं. ड्राफ्ट, पिक आणि रोस्टर नीड यांना मराठीत काय म्हणावं?"

मसुद्याचं आधी उरकून टाकू. हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात 'सवाद' म्हणजे काळेपणा. 'मुसव्वदा' म्हणजे काळा केलेला, अर्थात पहिल्या लिखाणाने भरलेला कागद. आपण 'कागद काळे करणे' म्हणतो ते याच्या अगदी जवळचं. इंग्रजी ड्राफ्टचं घराणं निराळं. तिथे मूळ अर्थ ओढणे. रेघ ओढली तो ड्राफ्ट, बँकेतून पैसे ओढले तो ड्राफ्ट, आणि लोकांमधून माणसं ओढून सैन्यात नेली तोही ड्राफ्ट. खेळातला ड्राफ्ट या शेवटच्याचा भाऊ. तेव्हा खेळाडूंच्या 'मसुद्या'त शब्दही चुकतो आणि अर्थही. बाबांनी तो वाचला असता तर कोणत्या विधेयकाचा, असंच विचारलं असतं.

लिलावाचं मात्र बाबांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे खेळाडूंची खरेदी टीव्हीवर पाहिली ती २००८ पासून आयपीएलमध्ये, आणि तिथे हातोडाच होता. (लिलाव हा पोर्तुगीजांनी दिलेला शब्द. गोव्यात मात्र देवळाच्या उत्सवात अजून पावणी होते.) लिलावात ज्याची थैली मोठी त्याचा माल. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नवे खेळाडू उचलतात, बोली नसतेच. २०११ पासून तर कितव्या क्रमांकावर निवड झाली त्यावर नवख्याचा करार जवळजवळ ठरलेला असतो. झगडा पैशाचा नाही, आधी कोण घेणार याचा आहे.

आणि बाबांना सांगायला घरचाच दाखला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी बाद झाल्यावर त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट आले. तेव्हा त्या दोन संघांतले खेळाडू मुंबईत वाटले गेले ते ड्राफ्टने. पुण्याने पहिल्यांदा धोनीला घेतलं, राजकोटने रैनाला, मग पुण्याने रहाणेला, राजकोटने जडेजाला. आळीपाळीने. पहिल्या निवडीला साडेबारा कोटी, दुसरीला साडेनऊ, असे आकडे आधीच ठरलेले. हातोडा नाही, बोली नाही. बाबांनी तो दिवस बातम्यांत पाहिला असणार. 'धोनी पुण्याला मिळाला तसं' म्हणा, अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं काम 'पाळी' या शब्दाने होतं, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ड्राफ्टचा जीव निवडीत नाही, पाळीत आहे. १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा मालक बर्ट बेल याने तक्रार केली की चांगली पोरं दरवर्षी त्याच दोन-चार बड्या संघांकडे जातात, आम्ही हरतच राहतो. तोडगा असा काढला की सगळ्यांत मागे राहिलेल्याने पहिल्यांदा घ्यायचं. ८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियातच पहिला ड्राफ्ट झाला. पहिली पाळी अर्थात बेलच्याच ईगल्सची. त्यांनी जे बरवँगरला घेतलं आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! आज बत्तीस संघ, सात फेऱ्या, पण क्रम तोच: तळाचा पहिला, सुपर बोल हा अंतिम सामना जिंकलेला बत्तिसावा.

कालव्यावर शेती असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शेजपाळीत पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं असतं. शेवटचं रान आधी भिजायचं, मग वर सरकत यायचं; नाहीतर हेडवाल्याचा ऊस डोलतो आणि टेलवाला नुसतं पाट बघत बसतो. (नियम कागदावरचा, हेडवाला रात्री दार उघडतो हेही खरं. तिकडेही पुढच्या वर्षीच्या पाळीसाठी संघ मुद्दाम हरतात असा संशय दर हंगामात असतोच.)

'पिक' या इंग्रजी शब्दाचे इथे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेत म्हणून गोंधळ होतो. एक, घेण्याचा हक्क. दोन, त्या हक्काने घेतलेला माणूस. मराठीत हे वेगळे ठेवा: हक्क ती पाळी, माणूस तो गडी. पाळी बदलता येते, पुढल्या वर्षाचीही आजच देता येते. तुमच्याच संघाची २०२१ ची गोष्ट घ्या. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य गडी) हवा म्हणून नाइनर्सनी मायामीला त्या वर्षाची बारावी पाळी दिली, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीच्या पाळ्या दिल्या, वर तिसऱ्या फेरीची एक. आणि बदल्यात तिसरी पाळी घेतली. गडी आला ट्रे लान्स. तो नाइनर्सकडून चार सामने सुरुवातीपासून खेळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पाळीवर डॅलसला गेला. हे 'पिक'मध्ये सांगून पाहा, बाबा दुसऱ्या वाक्याला उठून जातील. शिवाय 'पहिल्या पिकाला' म्हटलं की विदर्भातल्या माणसाला खरीपच आठवणार.

पिकाचा विषय निघालाच आहे तर. सबंध सोहळ्याला मराठी शब्द हवाच असेल तर माझं मत 'वेचणी'ला. माझं आजोळ यवतमाळकडचं, त्यामुळे हे पक्षपाती मत आहे. 'निवड' वाईट नाही, पण निवड समितीने तो शब्द बळकावलाय, आणि निवडण्यात खडे काढून टाकण्याचा भाव येतो. तांदूळ निवडतो, मेथी निवडतो. वेचताना आपण हवं ते बोटांनी उचलतो. कापसाची वेचणी फेऱ्याफेऱ्यांनीच होते. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, आणि पहिल्या वेचणीच्या स्वच्छ कापसाला भाव वेगळा. बोंड उमललेलं हवं, ओल सुकलेली हवी, बोटं पऱ्हाटीच्या काट्यांनी सोलवटतात, कमरेच्या ओटीत कापूस जमत जातो. शेवटी राहतं ते कवडी कापूस. तेव्हा 'दुसऱ्या वेचणीत घेतलेला गडी' हे वाक्य अकोल्यात कुणालाही फोडून सांगावं लागणार नाही. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला पोरांची धाव-उडी मोजतात, त्या कम्बाइनला तर पोलीस भरतीवरून 'मैदानी चाचणी' हा शब्द तयारच आहे.

मुलांच्या खेळात हे सगळं होतंच की. दोन म्होरके उभे राहतात, खापरीच्या एका बाजूला थुंकी लावून 'ओली की सुकी' होतं, जिंकणारा पहिला गडी मागतो आणि गडी वाटले जातात. सगळ्यात शेवटी उरतो तो कच्चा लिंबू. अमेरिकेत शेवटच्या पाळीवर घेतलेल्याला थट्टेनं मिस्टर इर्रेलेव्हंट म्हणतात, तो आपला कच्चा लिंबूच म्हणायचा. फरक एवढाच की मिस्टर इर्रेलेव्हंटला बाद करता येतं. २०२२ चा कच्चा लिंबू नाइनर्सचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, २६२ वा. लान्स सप्टेंबरातच जायबंदी झाला होता. डिसेंबरात त्याच्या जागी खेळणाऱ्या गारोपोलोचा पाय मोडला आणि पर्डी मैदानात आला. समोर संघ कोण, तर मायामी! ज्यांना सगळ्या पाळ्या देऊन टाकल्या तेच. सामना नाइनर्सनी जिंकला. तिथे हुशारी किती आणि बोलाफुलाला गाठ किती, यावर तुमच्याकडे अजून भांडणं होत असतील.

आता 'रोस्टर नीड'. रोस्टर शब्द बाबांसमोर जपून वापरा. सरकारी नोकरीतल्या माणसाला रोस्टर म्हणजे बिंदुनामावली, आरक्षणाचा तक्ता. दवाखान्यात रोस्टर म्हणजे ड्युट्या. ५३ जणांच्या संघाला सरळ 'संघ' म्हणा, आणि 'नीड'ला 'गरज' म्हणू नका, 'भगदाड' म्हणा. गरज सगळ्यांनाच सगळ्याची असते. भगदाड कुठे पडलंय ते बोटाने दाखवता येतं.

२०२५ चंच पाहा. तोवर वर्षाला दहा लाख डॉलरच्याही आत खेळणारा पर्डी आता पाच वर्षांच्या साडेसव्वीस कोटी डॉलरच्या करारावर यायचा होता. पगारावर मर्यादा असल्याने बाकीची माणसं सोडावी लागली. डिफेन्समधले ग्रीनलॉ आणि हुफांगा डेन्व्हरला गेले, वॉर्ड इंडियानापोलिसला. डिफेन्सला एवढं मोठं भगदाड पडल्यावर नाइनर्सनी पहिल्या पाचही पाळ्या तिथेच ओतल्या. अकराव्या पाळीवर मायकेल विल्यम्स, मग कॉलिन्स, मार्टिन, स्टाउट, वेस्ट. लाइनमन घेतला तो थेट सातव्या फेरीत. तिकडे लाइनमनांतला डावा टॅकल ट्रेंट विल्यम्स त्या जुलैत ३७ चा होत होता. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ याच्या भरवशावर असते, म्हणून या जागेला मी 'पाठराखा' म्हणेन. वाद 'बेस्ट प्लेअर अव्हेलेबल की नीड' असा इंग्रजीत घालण्यापेक्षा 'उत्तम गडी उचलायचा की भगदाड बुजवायचं' असा घाला, बाबाही भाग घेतील. लान्सच्या वेळी अडला हरी झाला होता, हे त्यांना एका वाक्यात कळेल.

हे सगळं सांगूनही तुम्ही आपसात ड्राफ्टच म्हणाल, आणि म्हणा. 'तो ड्राफ्ट' मराठीत केव्हाच रुळलाय, बँकेने रुळवला. फक्त क्रियापद इंग्रजी वळणाचं नको. 'त्याला ड्राफ्ट केलं गेलं' हे वाक्य कानाला खुपतं. तुमच्याच पत्राच्या सुरुवातीला बघा, भांडणाच्या भरात तुम्ही काय लिहिलंय: "आधी लाइनमन घ्यायचा की". घ्यायचा. तेच बरोबर आहे.