महामारीत "मी मास्क लावतो" असं सांगणाऱ्यांच्या सर्वेक्षणावर कितपत विश्वास ठेवावा?

टक्केवारीवर कमी, तिच्या चढउतारावर जास्त. लोक खोटं बोलायचं ठरवून बोलत नाहीत. पण "मास्क लावता का?" असं कुणी विचारलं की जे करायला हवं तेच तोंडून येतं. कोविडच्या काळात ग्रामीण केनियात फोनवरची उत्तरं आणि रस्त्यावर, बाजारात प्रत्यक्ष पाहिलेलं चित्र ताडून पाहिलं, तेव्हा मास्क वापरतो म्हणणारे बहुसंख्य निघाले आणि चेहऱ्यावर मास्क दिसलेले अगदी थोडे. त्यामुळे शक्य तिथे पाहणारी माणसं नेमून प्रत्यक्ष मोजावं, आणि हनुवटीवर ओढलेला मास्क धरायचा की सोडायचा हे आधीच ठरवावं. विचारायचंच असेल तर "नेहमी लावता का?" ऐवजी "काल दुकानात गेलात तेव्हा लावला होता का?" असं विचारा. उत्तर बरंच प्रामाणिक येतं.

नमुना मोठा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ही चूक फार महागात पडते. अमेरिकेत फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरं घेणाऱ्या सर्वेक्षणाचा लसीच्या पहिल्या डोसचा अंदाज मे २०२१ मध्ये खऱ्या आकड्यापेक्षा १७ टक्के-बिंदूंनी जास्त होता. उत्तर देणारे मुळातच बाकीच्या लोकांपेक्षा वेगळे होते.

एक अट मात्र आहे: चढउतार तेव्हाच खरा, जेव्हा प्रश्नाचे शब्द आणि उत्तर देणाऱ्यांचा गट दोन्ही बदललेले नसतात.